सायकलचे ब्रेक आणि सैल होणारं पुढचं चाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागचं चाक सैल झालं तर चेन उतरते, चाक फ्रेमला घासतं, फार तर सायकल अडते. पुढचं चाक निसटलं तर फोर्क, म्हणजे ते चाक धरणारा चिमटा, थेट रस्त्यात रुततो आणि चालवणारा तोंडावर आपटतो. तरी दुकानात सायकल घेताना लोक गिअर मोजतात, रंग बघतात, 'डिस्क ब्रेक आहे का' विचारतात. चाक कशाने धरलंय हे कोणी विचारत नाही. ब्रेकचा प्रकार आणि चाकाची पकड हे दोन विषय वाटतात तितके वेगळे नाहीत, म्हणून इथे ते एकत्र घेतले आहेत.

माझ्या सायकलला कुठला ब्रेक आहे, हे कसं ओळखायचं?

ब्रेक कुठे दाबतो ते बघा. रिमवर रबर दाबत असेल तर रिम ब्रेक. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, पातळ पोलादी चकती असून ती पॅडमध्ये पकडली जात असेल तर डिस्क. हबच्या आतच सगळं बंद असेल तर ड्रम किंवा रोलर ब्रेक. पेडल उलटं मारून थांबणारी सायकल असेल तर कोस्टर. तो आपल्याकडे क्वचित दिसतो.

रिम ब्रेकमध्येच बरीच भावंडं आहेत. दूधवाल्यांच्या काळ्या बावीस इंची सायकलला असतो तो दांडीचा ब्रेक. त्यात वायर नसते, सळया असतात आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला, खालून वर दाबतं. रेसिंग सायकलला कॅलिपर असतो, टायरवरून कमानीसारखा आलेला. हायब्रिड आणि साध्या एमटीबीला (डोंगरी सायकलीला) फोर्कच्या दोन्ही पायांवर उभे हात असतात, तो व्ही-ब्रेक. दुकानदार त्यालाच 'पॉवर ब्रेक' म्हणतात. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने तो १९९६ च्या सुमारास बाजारात आणला आणि जुन्या कँटिलिव्हर ब्रेकची सद्दी संपली. डिस्कचे दोन प्रकार: वायरवर चालणारा मेकॅनिकल आणि तेलावर चालणारा हायड्रॉलिक.

मग सगळ्यात चांगला ब्रेक कुठला?

हायड्रॉलिक डिस्क. पण हे उत्तर अर्धंच आहे. शाळा, ऑफिस, भाजी एवढ्यापुरती सायकल असेल तर अल्युमिनियमच्या रिमवरचा नीट लावलेला व्ही-ब्रेक पुरून उरतो. रबर बदलणं स्वस्त, वायर कुठल्याही गावात मिळते आणि बिघाड डोळ्यांनी दिसतो.

सात-आठ हजारांच्या सायकलीला लावलेला मेकॅनिकल डिस्क हा बहुतेक वेळा दिखावा असतो. पॅड धरणारा कॅलिपर पत्र्याचा, वाकडी चकती, आणि पॅड एकाच बाजूने सरकणारं. त्यापेक्षा त्याच पैशातला व्ही-ब्रेक चांगला थांबवतो. आणि डिस्कमुळे पुढच्या चाकावर जो वेगळा ताण येतो (तो पुढे बघू), तो स्वस्तातल्या फोर्कलाही चुकत नाही.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे पडतो. म्हणून मागचाच वापरावा ना?

नाही. थांबताना वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. कोरड्या डांबरावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला पुढच्यापेक्षा ढोबळमानाने दुप्पट अंतर लागतं. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा, हात ताठ ठेवून बूड मागे सरकवायचं. माणूस पडतो तो एकदम कचकन दाबल्यामुळे आणि अंग सैल सोडल्यामुळे.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढचा असतो. परदेशातून आणलेल्या किंवा कोणी बदलून घेतलेल्या सायकलीला उलटं असू शकतं. दुसऱ्याची सायकल हातात घेतली की आधी उभ्या उभ्या दाबून बघा.

पुढचं चाक नेमकं कशाने धरलेलं असतं?

फोर्कच्या, म्हणजे आपला सायकलवाला ज्याला चिमटा म्हणतो त्याच्या, दोन्ही टोकांना खाली तोंड असलेल्या खाचा असतात. चाकाचा ॲक्सल, म्हणजे मधला आस, त्यात बसतो. तो तिथे राहण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली नटाची. दोन्ही बाजूंना नट, खाली वॉशर. दुसरी क्विक रिलीज: पोकळ ॲक्सलमधून गेलेली बारीक सळई, एका टोकाला लिव्हर आणि दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचा नट. लिव्हर बंद केली की आतला कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेला गोल तुकडा, सळई ताणतो आणि फोर्क दोन्हीकडून आवळला जातो. तिसरी थ्रू ॲक्सल. यात फोर्कला खाच नसते, बंद भोक असतं. जाड ॲक्सल, पुढे बहुधा १२ किंवा १५ मिलिमीटरचा, एका भोकातून घालून दुसऱ्या बाजूच्या आट्यांत पिळतात.

क्विक रिलीजचं श्रेय इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोला देतात. १९२७ मध्ये क्रोचे दाउने खिंडीत, थंडीने गोठलेल्या बोटांनी त्याला चाकाचे पंखवाले नट सुटेनात, अशी कथा आहे. कथा किती खरी यावर इतिहासकार भांडतात. १९३३ मध्ये त्याने विचेंझात कंपनी काढली हे मात्र नक्की. तेव्हाच्या शर्यतीच्या सायकलींना रिम ब्रेकच होते, म्हणजे ती सळई डिस्कसाठी कधी बेतलेलीच नव्हती.

चाक सैल असेल तर चालवताना कळेलच की!

बऱ्याचदा कळत नाही. चालवणाऱ्याचं वजन फोर्कमधून ॲक्सलवर येतं आणि ॲक्सलला खाचेत वरच्या बाजूला दाबून ठेवतं. नट हाताने फिरण्याइतका ढिला असला, तरी सपाट रस्त्यावर सायकल सरळ चालते. थोडं खुळखुळतं, पण आपल्या रस्त्यांवर मडगार्डपासून घंटीपर्यंत सगळंच खुळखुळत असतं.

रिम ब्रेकच्या सायकलीत सैल चाक निसटतं ते चाक हवेत गेल्यावर. स्पीडब्रेकरवर उडालात, फुटपाथवर चढताना हँडल उचललंत, मुलाने मित्रांपुढे पुढचं चाक वर घेतलं, की ॲक्सल खाली घसरतो. चाक पुन्हा जमिनीवर येतं तेव्हा फोर्कखाली ते नसतं.

ब्रेक कुठला आहे याचा चाक निसटण्याशी काय संबंध?

ब्रेक लावल्यावर चाकावर कुठल्या दिशेला जोर पडतो, हे ब्रेक कुठे बसवलाय त्यावर ठरतं.

रिम ब्रेक चाकाच्या माथ्यावर असतो. सायकल पुढे जाते तेव्हा चाकाचा माथा पुढे फिरत असतो, रबर त्याला मागे ओढतं, आणि ॲक्सल खाचेत मागच्या बाजूला दाबला जातो. खाचेचं तोंड खाली असल्यामुळे हा जोर निरुपद्रवी. दांडीच्या ब्रेकची तर गंमत आहे: त्याचं रबर रिमला खालून वर रेटतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक फोर्कमध्ये आणखीच घट्ट बसतं. ती काळी सायकल थांबायला वेळ घेते हे खरं, पण ब्रेकमुळे तिचं चाक निसटणार नाही.

डिस्कचं तसं नाही. डिस्कचा कॅलिपर बहुतेक फोर्कवर डाव्या पायाच्या मागच्या बाजूला असतो. फिरणाऱ्या चकतीचा मागचा भाग वर जात असतो. पॅड त्याला पकडतात, म्हणजे खाली ओढतात. ही ओढ चाकाच्या डाव्या टोकाला खाचेतून बाहेर काढण्याच्या दिशेची आहे.

किती ओढ? चालवणारा आणि सायकल मिळून ८० किलो धरा. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक चांगला जोरात दाबला, तर टायर आणि रस्ता यांच्यात साधारण ४८ किलोंच्या वजनाइतका जोर लागतो. हाच जोर चकतीवर येतो तेव्हा तरफेच्या हिशोबाने वाढतो. चाकाची त्रिज्या सुमारे ३४० मिलिमीटर. १६० मिलिमीटरच्या चकतीवर पॅड पकडतात ती त्रिज्या सुमारे ७३. म्हणजे साडेचार पटींहून जास्त. चकतीवर २२० किलोंच्या आसपास ओढ. समोरून चालवणाऱ्याचं वजन ॲक्सलला वर दाबतं, पण ते दोन्ही टोकांत वाटलं जातं. डाव्या टोकाच्या वाट्याला फार तर चाळीसेक किलो. उरलेली ओढ थोपवायला असतो फक्त क्विक रिलीजचा आवळ आणि त्यातून तयार होणारं घर्षण. ओढीची दिशा खाचेच्या तोंडाशी किती जुळते हे फोर्कच्या आखणीवर अवलंबून असतं, पण जुन्या डिस्क फोर्कमध्ये ती बऱ्यापैकी जुळते.

हा हिशोब जेम्स ॲनन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने २००३ मध्ये जाहीरपणे मांडला, तेव्हा सायकल कंपन्यांत आणि चालवणाऱ्यांत मोठा वाद झाला. 'लोक लिव्हर नीट लावत नाहीत' हे कंपन्यांचं ठरलेलं उत्तर होतं. त्यात तथ्य होतंच, पण गणितही चुकीचं नव्हतं. शिवाय दुसरा मुद्दा: असा आडवा धक्का पुन्हा पुन्हा बसला की आट्यांवरचा नट हळूहळू फिरून सुटतो. ही गोष्ट सायकलपुरती नाही. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच ती बोल्टांवर प्रयोग करून दाखवली होती.

म्हणजे डिस्क आणि क्विक रिलीज दोन्ही असलेली सायकल विकून टाकू?

नको. अशा लाखो सायकली रोज चालतात. नीट आवळलेली, पोलादी सळईची, चांगल्या कॅमची क्विक रिलीज हा जोर सहन करते. धोका आहे तो अर्धवट आवळलेल्या किंवा हलक्या प्रतीच्या लिव्हरला. रिम ब्रेकच्या सायकलीत तुमचा निष्काळजीपणा खपून जातो. डिस्कमध्ये खपत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पैसे खर्च करायचे असतील तर आधी लिव्हर बदला. क्विक रिलीजमध्ये दोन जाती असतात. एकीत कॅम धातूच्या डोक्यात आत झाकलेला असतो. दुसरीत लिव्हर उघड्या, अर्धगोल वॉशरवर फिरते आणि ते वॉशर पुष्कळदा प्लॅस्टिकचं असतं. पहिली जास्त आवळते आणि धूळ-पाण्यात टिकते. दुसरी हलकी, दिसायला छान, डिस्कला कामाची नाही. नवी सायकल घेणार असाल आणि डिस्क हवाच असेल, तर थ्रू ॲक्सलवाली बघा.

क्विक रिलीज बरोबर लावायची कशी?

इथे घाई करू नका, बहुतेक अपघातांचं मूळ इथेच आहे.

सायकल चाकांवर सरळ उभी करा, उलटी ठेवून हे काम करू नका. हँडलवर हाताने दाब द्या म्हणजे ॲक्सल दोन्ही खाचांत वरपर्यंत बसेल. सळईवर दोन छोट्या शंकूच्या आकाराच्या स्प्रिंग असतात, त्यांचं निमुळतं टोक आत, हबकडे हवं. उलटी बसलेली स्प्रिंग चेपते आणि आवळ खोटा लागतो.

लिव्हर उघडी धरून दुसऱ्या बाजूचा नट हाताने फिरवत आणा. मग लिव्हर बंद करायला लागा. ती अर्ध्यावर, म्हणजे सायकलपासून सरळ बाहेर काटकोनात असताना, विरोध जाणवायला सुरुवात व्हावी. त्याआधी लागला तर नट थोडा ढिला करा. बंद होत आल्यावर लागला तर घट्ट करा. शेवटचा भाग तळहाताने दाबावा लागला पाहिजे, बोटं फोर्कच्या पायाला गुंडाळून. तळहातावर लिव्हरचा वळ उठला तर बरोबर. दोन बोटांनी बंद झाली तर चूक, पुन्हा करा.

लिव्हर फिरवून आवळायची नसते. ती पंखवाल्या नटासारखी गरगर फिरवून 'घट्ट झाली' म्हणणारे पुष्कळ भेटतात, काही दुकानांतही. लिव्हर मिटली पाहिजे, तरच कॅम काम करतो. लिव्हरच्या पाठीवर बहुधा लिहिलेलंच असतं: एका बाजूला 'ओपन', दुसऱ्या बाजूला 'क्लोज'. बंद असताना 'क्लोज' बाहेरून दिसायला हवं.

शेवटी चाक काढून फोर्कच्या खाचेचा बाहेरचा पृष्ठभाग एकदा बघा. नीट आवळलेल्या लिव्हरने तिथे दातऱ्यांचा ठसा उमटलेला असतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा नियमातही बंद केलेल्या क्विक रिलीजने फोर्कवर ठसा उमटवला पाहिजे अशी अटच आहे. गुळगुळीत रंग दिसला तर समजा, चाक इतके दिवस तुमच्या वजनावर आणि नशिबावर चाललं होतं.

लिव्हर डाव्या बाजूला ठेवू की उजव्या?

जुनी पद्धत डावीकडे. डिस्कही डावीकडेच असते, त्यामुळे घाट उतरल्या उतरल्या चाक काढायला गेलात तर तापलेली चकती बोट भाजते. म्हणून अनेक जण उजवीकडे ठेवतात. तुमच्या फोर्कच्या माहितीपुस्तकात जे सांगितलंय ते करा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने पुढे डिस्क ब्रेक असलेल्या, २००० ते २०१५ या काळातल्या मॉडेलांच्या सायकली परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत त्या सुमारे नऊ लाख होत्या. कारण लिव्हर. ती १८० अंशांपेक्षा जास्त उघडत होती, आणि उघडी राहिली तर आत वळून चकतीत अडकू शकत होती. चाक जागच्या जागी थांबू शकत होतं किंवा सुटू शकत होतं. एका चालवणाऱ्याला कायमचं अपंगत्व आलं. त्याच वर्षी पुढे आणखी १३ कंपन्यांनी याच कारणासाठी सायकली परत मागवल्या.

तुमची सायकल तपासायला साधी पेन्सिल पुरते. लिव्हर डिस्कच्या बाजूला असेल तर ती पूर्ण उघडून चकतीकडे वळवा. लिव्हर आणि चकती यांच्यात पेन्सिल, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, सरकली पाहिजे. सरकली नाही तर लिव्हर बदला.

खाचेच्या तोंडाशी उंचवटा आहे, त्यामुळे चाक काढताना नट बराच फिरवावा लागतो. कानशीने घासून टाकू का?

अजिबात नको. त्यांना सायकलवाले लॉयर टॅब म्हणतात. लिव्हर चुकून उघडली तरी चाक लगेच खाली पडू नये, यासाठीच ते असतात. शर्यतीत पाच सेकंद वाचवायला काही जण घासतात. तुमच्या मागे शर्यतीची मोटार आणि मेकॅनिक नाही.

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून आली. मीच जोडली. काय तपासू?

'८५ टक्के जोडलेली' असं लिहिलेल्या सायकलीत उरलेल्या १५ टक्क्यांत नेमकं पुढचं चाक, हँडल, ब्रेक आणि पेडल असतं. म्हणजे जीव ज्यावर अवलंबून आहे ते सगळं तुमच्यावर सोडलेलं.

सगळ्यात आधी फोर्क उलटा तर बसला नाही ना ते बघा. ही चूक पुष्कळदा दिसते, इमारतींच्या पार्किंगमध्ये फिरताना नजर टाका. खोक्यात हँडल वळवून बांधलेलं असतं, वायर पिळलेल्या असतात, माणूस गोंधळतो. फोर्कचा बाक पुढे हवा. व्ही-ब्रेक असेल तर तो फोर्कच्या पुढच्या अंगाला, डिस्क असेल तर कॅलिपर तुमच्या डाव्या हाताला.

खोक्यात आलेला पत्र्याचा पाना फेकून द्या. तो वाकतो, नटाचे कोपरे खातो आणि घट्ट झाल्याचा भास देतो. नवी सायकल चालवून पन्नासेक किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा आवळा. वॉशरखालचा रंग दाबला जातो आणि पहिला आवळ सैल पडतो. मडगार्डची काडी नटाखाली असेल तर हे हमखास होतं.

जमत नसेल तर शे-दोनशे रुपये देऊन सायकलवाल्याकडून करून घ्या. बहुतेक दुकानदार 'आमच्याकडून घेतली नाही' म्हणून आधी दोन शब्द ऐकवतील, ते ऐकून घ्या.

आमची नटवाली जुनी सायकल आहे. तिला काही धोका नाही ना?

नट हा प्रकार भक्कमच. पण त्याच्या खाली काय आहे ते बघा. बऱ्याच सायकलींत पुढच्या नटाखाली वाकडी नखी असलेलं वॉशर असतं, त्याची नखी फोर्कमधल्या छोट्या भोकात अडकते. नट सुटला तरी चाक पडू नये म्हणून ते असतं. पंक्चर काढताना हे वॉशर एकदा तरी हरवतं आणि पुढे कोणी पुन्हा घालत नाही. भोक रिकामं दिसलं तर तसंच वॉशर मागून घ्या.

नटाखाली मडगार्डची काडी, बास्केटची पट्टी, स्टँडची पट्टी असं एकावर एक चढत जातं. मग नटाला आटे पुरत नाहीत. नट घट्ट केल्यावर ॲक्सलचं टोक नटाच्या बाहेर निदान एक-दोन आटे दिसलं पाहिजे. आत बुडालेलं असेल तर पट्ट्या कमी करा. नट फिरतच राहतो आणि घट्ट होत नाही, म्हणजे आटे मेले. तो ॲक्सल बदलायचा, दोरा गुंडाळून चालवायचं नाही.

थ्रू ॲक्सल असेल तर निर्धास्त?

बरंच. बंद भोकात असल्यामुळे ब्रेकची ओढ चाक बाहेर काढू शकत नाही. ॲक्सल मात्र आट्यांतून सुटू शकतो, म्हणून त्यावर छापलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बघा, बहुधा १० ते १५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान. टॉर्क पाना नसेल तर लांब हाताच्या ॲलन कीने मनापासून आवळा, पण अंगावर ओझं टाकून नको. अल्युमिनियमच्या फोर्कचे आटे गेले तर फोर्कच बदलावा लागतो.

नट घट्ट आहेत, तरी चाक डावी-उजवीकडे हलतं. का?

मग दोष बेरिंगचा. सायकल उचलून रिम दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलवा. खाचेपाशी ॲक्सल स्थिर असून रिम ब्रेकच्या रबरापाशी हलत असेल तर हबचे कोन, म्हणजे बेरिंग आवळणारे शंकू, ढिले आहेत. ते पातळ पान्याने करायचं काम आहे. ॲक्सलच खाचेत सरकत असेल तर चाक सैल. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलल्यावर हँडलच्या मुळाशी 'टक' असं लागलं तर हेडसेट, म्हणजे तिथलं बेरिंग, ढिला. आणि काहीच हलत नाही, पण चाक फिरताना डुगडुगतं, तर आऊट आलाय, तारा आवळून काढून घ्या.

पावसात ब्रेक लागतच नाही.

पोलादी, चकचकीत रिम असेल तर पहिल्या काही फेऱ्यांत जवळपास काहीच लागत नाही. रबर पाणी पुसेपर्यंत वाट बघावी लागते. त्यामुळे पावसात आधीपासून हलका ब्रेक लावत राहा. अल्युमिनियम रिम बरी, पण चिखलातली वाळू रबरात रुतते आणि रिम खाते. कोकणात लाल मातीच्या रस्त्यांवर एका पावसाळ्यात रबर संपतात. रबर काढून त्यात चमकणारे कण दिसले तर टाचणीने काढा. रिमची बाजू आतल्या बाजूला खोलगट झाली असेल तर रिम बदला. ती फुटली तर टायरसकट फुटते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक जास्तीचं काम करावं. खाऱ्या हवेने क्विक रिलीजचा कॅम गंजतो, लिव्हर जड लागते आणि आवळ भरपूर वाटतो, प्रत्यक्षात नसतो. कॅमवर थेंबभर तेल टाका. चकतीवर उडू देऊ नका.

घाट उतरताना काय काळजी घ्यावी?

ताम्हिणी, वरंधा, आंबोली असे लांब उतार असतील तर निघण्याआधी चाक आणि ब्रेक दोन्ही तपासा, माथ्यावर पोहोचल्यावर पुन्हा. ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबून वेग कमी करा, मग सोडा, जरा थंड होऊ द्या. रिम ब्रेकमध्ये रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्कमध्ये पॅड तापून गुळगुळीत होतात, किंचाळतात आणि पकड कमी होते.

डिस्क ब्रेक किंचाळतो. त्यावर तेल मारू का?

अरे देवा, नाही. चकतीवर किंवा पॅडवर कुठलंही तेल, सिलिकॉन स्प्रे, चेनवर मारताना उडालेला फवारा गेला की पॅड निकामी. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड तेल प्यायले असतील तर बदला. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरायचं तर कंपनीने सांगितलेलंच: शिमानोला मिनरल ऑइल, मोटारींच्या ब्रेकमधलं डॉट द्रव चालत नाही. मोटरसायकलचं उरलेलं घातलं तर आतले रबर फुगून ब्रेक जातो.

सायकल गाडीत घालून नेतो. पुढचं चाक काढावं लागतं.

हायड्रॉलिक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड मिटतात आणि चकती आत जात नाही. पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा, नसेल तर पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा.

आणि पोहोचल्यावर चाक कोण लावणार हे ठरवा. चौघं मिळून पहाटे अंधारात सायकली उतरवतात, एक जण चाक बसवतो, दुसरा हवा भरतो, तिसरा फोटो काढतो, आणि लिव्हर बंद केली का हे कोणालाच माहीत नसतं. ज्याची सायकल त्याने स्वतः लिव्हर मिटावी.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी लिव्हर उघडून ठेवली तर?

होतं असं. पोरं खेळतात, कोणी चाक चोरायला बघतो आणि अर्धवट सोडतो. ॲलन कीने उघडणाऱ्या सळया मिळतात, त्या लावा. तरी रोज निघताना पुढचं चाक अर्धा फूट उचला, टायरच्या माथ्यावर मुठीने दोन जोरदार ठोसे मारा, मग चाक खाली ठेवून पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा. दहा सेकंद लागतात.

मुलांच्या सायकलीचं काय?

मोठ्यांपेक्षा जास्त लक्ष द्या. मुलं चाक उचलतात, पायरीवरून उड्या मारतात, सायकल आपटतात. त्यांना खुळखुळ ऐकून संशय येत नाही. मुलाचा हात लहान असतो. ब्रेकची लिव्हर बोटांच्या पहिल्या पेऱ्यात येत नसेल तर तिच्यावरचा छोटा स्क्रू आत पिळून ती जवळ आणा.

जुन्या सायकलीला मोटर बसवायचं किट मिळतं. पुढच्या चाकात बसवू?

मी तरी नको म्हणेन, विशेषतः अल्युमिनियम किंवा सस्पेन्शन फोर्क असेल तर. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा ॲक्सलला उलटं पिळते. त्या ॲक्सलला दोन सपाट बाजू असतात, त्या खाचेच्या भिंतींवर जोर देतात. खाच पसरली किंवा तुटली की ॲक्सल फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निसटतं. बसवायचंच असेल तर पोलादी फोर्क आणि टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलच्या सपाट बाजू पकडून फोर्कच्या पायाला बांधलेली पट्टी, दोन्ही हवेत. ब्रेक लावल्यावर बॅटरी चार्ज करणारी मोटर असेल तर पीळ दोन्ही दिशांनी बसतो आणि नट लवकर ढिले होतात. मागच्या चाकात मोटर हा जास्त शहाणपणाचा पर्याय.

चालवताना पुढचं चाक सैल झाल्यासारखं वाटलं तर?

पुढचा ब्रेक सोडा. विशेषतः डिस्क असेल तर तोच चाक बाहेर ओढतोय. हँडल उचलू नका, खड्डा चुकवायला उडी मारू नका. वजन हँडलवर राहू द्या, पेडल थांबवा, मागच्या ब्रेकने हळूहळू थांबा आणि पूर्ण थांबल्यावरच उतरा.

जवळ कुठला पाना ठेवू?

नटवाल्या सायकलीला पुढे बहुधा १४ किंवा १५ नंबरचा लागतो. अंदाजाने आणू नका, हार्डवेअरच्या दुकानात चाकच घेऊन जा. रिंग पाना घ्या, तो नटाचे कोपरे खात नाही. थ्रू ॲक्सलला बहुधा ५ किंवा ६ मिलिमीटरची ॲलन की. क्विक रिलीजला काहीच नको, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं.